वाडा वाचवायचा तर वाटून टाका

सहकारी सोसायटीची जुनी इमारत पाडून नवी बांधायची असेल, तर महाराष्ट्रात २०१९ पासून ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. नागपूरच्या महाल भागातला एखादा वाडा न पाडता त्यातच कायदेशीर फ्लॅट करायचे असतील, तर १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या घोषणापत्रावर झाडून सगळ्या मालकांच्या सह्या लागतात. एक चुलतभाऊ पुण्यात रुसून बसला की कागद अडला. मालकीचे हे दोन प्रकार वेगळे आहेत, त्यांची तुलना करू नये, असं वकील मंडळी लगेच सांगतील आणि ते बरोबरही आहे. पण आत राहणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर अर्थ एवढाच निघतो, की पाडायला निम्म्याहून थोडे जास्त चालतात आणि राखायला सगळे लागतात.

यावर कोणी विचारेल, वाडा बिल्डरला द्यायलाही सगळ्यांच्याच सह्या लागतात ना? लागतात. पण त्या गोळा करायला बिल्डर स्वतः फिरतो. थोरल्याला रस्त्याकडचं दुकान, मधल्याला दुसऱ्या मजल्यावरचे दोन फ्लॅट, अमेरिकेतल्या पुतण्याला रोख, आत्याच्या मुलींना चेक, आणि वीस वर्षं कोर्टात भांडणाऱ्या धाकट्याला सगळ्यात मोठी गॅलरी. जे नात्यातल्या वडीलधाऱ्यांना जमलं नाही, दिवाणी न्यायालयाला जमलं नाही, ते हा माणूस वर्षभराच्या आत जमवून आणतो. आपण समजतो तो फ्लॅट विकतो. खरं तर तो त्या घराण्याला वाटणी विकतो आणि मोबदल्यात निम्मी जागा घेऊन जातो. वाडा पडतो तो या व्यवहारात जाता जाता.

म्हणून माझं म्हणणं असं, की ही वाटणी आपणच, उभ्या वाड्यात, वेळेवर करून घेतली तर वाडा पाडण्याचं मुख्य कारण उरत नाही. वाड्याचे फ्लॅट व्हायला माझी हरकत नाही. ते व्हायलाच हवेत, फक्त खांब, तुळया, चौक आणि छप्पर जागच्या जागी ठेवून.

हे ऐकायला विपरीत वाटतं, कारण आपल्या मनातला वाडा म्हणजे एक घराणं, एक चूल आणि एक कर्ता पुरुष. नागपुरातला वाडा असा फार काळ नव्हताच. भोसल्यांच्या राज्यात महालात राजवाडा होता, काळ्या बेसाल्टचा आणि लाकडी कोरीवकामाने मढलेला. तो १८६४ साली जळाला आणि मोठा दरवाजा तेवढा उरला. भोवती मानकरी, चिटणीस, कारभारी यांचे वाडे होते. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले, पाठोपाठ डलहौसीने राज्य खालसा केलं. मानकऱ्यांचं उत्पन्न आटलं आणि वाडे मात्र तेवढेच मोठे राहिले. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी, १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे इथवर पोचली, १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. कारकून आले, वकील आले, शाळामास्तर आले, दुकानदार आले. हे सगळे राहिले कुठे? बरेचसे याच वाड्यांमध्ये, किरायाने. मालक माडीवर, खाली पाच बिऱ्हाडं, पडवी अडवून केलेलं स्वयंपाकघर, चौकातला एक नळ आणि त्यावरून रोजचं भांडण. भोसल्यांच्या राणी बाकाबाईंच्या वाड्यात तर शाळाच भरू लागली.

म्हणजे वाडा शंभर-सव्वाशे वर्षं फ्लॅटच होता. फक्त फ्लॅटचे कागद झाले नाहीत, आणि त्या कागदांच्या अभावानेच तो मेला.

तो कसा मेला हे सांगताना बहुतेक लेखांमध्ये पाऊस, वाळवी आणि नव्या पिढीची चैन यांवर बोट ठेवलं जातं. वाळवीची बदनामी जरा जास्तच झाली आहे. सागाचा जुना खांब वाळवी सहजासहजी खात नाही. ती चढते ती गळणाऱ्या कवेलूंखाली, म्हणजे कौलांखाली, भिजत राहिलेल्या वाशांना आणि जमिनीच्या ओलीत बसलेल्या चौकटींना. कवेलू दरवर्षी पावसाळ्याआधी फेरायचे असतात. ते का फेरले गेले नाहीत, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर दोन कायद्यांत आहे.

पहिला भाडेनियंत्रणाचा. विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत-वऱ्हाडचा घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता. किरायेदाराला नोटीस द्यायची तरी आधी रेंट कंट्रोलरची परवानगी घ्यावी लागे. तो आदेश ३१ मार्च २००० ला राज्याचा नवा कायदा येईपर्यंत चालला. युद्धानंतरच्या घरटंचाईत असा आदेश गरजेचा होता, नाहीतर कारकुनाचं बिऱ्हाड रस्त्यावर आलं असतं. पण पन्नास वर्षं तो तसाच चालल्यावर वाड्यात एक विचित्र शांतता पसरली. किराया इतका जुना, की त्यात वर्षाचे कवेलूही फेरून होत नाहीत, म्हणून मालक छपराकडे बघेना. जागा आपली नाही, म्हणून किरायेदार खर्च करेना. दोघंही पावसाळ्यात बादल्या ठेवत राहिले. मुंबईत हाच पेच आला तेव्हा १९६९ मध्ये कायदा करून इमारत दुरुस्ती मंडळ स्थापलं गेलं, उपकर बसवला गेला, आणि भल्याबुऱ्या रीतीने का होईना, जुन्या चाळींना टेकू तरी लागले. ही सोय मुंबई शहराच्या वेशीबाहेर आली नाही. नागपूरच्या वाड्याला टेकूसुद्धा स्वतःच्या खिशातून लावायचा होता.

दुसरा कायदा वारसाचा. याबद्दल महालात, इतवारीत, बर्डीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: पोरींना हिस्सा मिळाला आणि वाडे मोडले. हे साफ खोटं आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात २३ वं कलम होतं. राहत्या घरात मुलीचा हिस्सा मानला होता, पण पुरुष वारस वाटणी करायला तयार होईपर्यंत तिला ती मागता येत नव्हती. अविवाहित, परित्यक्ता किंवा विधवा असेल तर राहायला तेवढी जागा. २००५ मध्ये ते कलम काढून टाकलं. म्हणजे ज्या एकत्र वाड्याच्या आठवणीने आपले डोळे पाणावतात, त्याचा एकत्रपणा काही अंशी बहिणीचं तोंड बंद ठेवून टिकला होता. आणि एवढं करूनही १९५६ ते २००५ या काळात वाडे काही कमी पडले नाहीत. भावाभावांची भांडणं त्यांना पुरेशी होती.

वाड्याची जुनी आखीव पत्रिका, म्हणजे सिटी सर्वेचा मालकीचा उतारा, काढून बघा. आजोबांचं एक नाव. मग तीन मुलांची. मग त्यातल्या एकाच्या पश्चात बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी. नव्वदच्या दशकापर्यंत नावांचा रकाना भरून पुरवणी जोडलेली असते. यांतल्या कोणाही एकाला आपल्या हिश्श्याची दुरुस्ती करायची तर कर्ज मिळत नाही, कारण अविभक्त वाड्याच्या एक अष्टमांशावर बँक पैसे द्यायला नाखूश असते. ती विचारते, तुमचा नेमका कोणता भाग? विकायचं म्हटलं तर बाहेरचा गिऱ्हाईक येत नाही, कारण १८९३ च्या वाटणी कायद्याप्रमाणे अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात परक्याने हिस्सा घेऊन वाटणीचा दावा लावला, तर घरच्यांना तो हिस्सा न्यायालय ठरवेल त्या किमतीला परत घेता येतो. हेतू चांगला, घरात उपरा घुसू नये. परिणाम असा, की हिस्सा आहे पण त्याची किंमत नाही, घर आहे पण त्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. त्याच कायद्याने अशीही सोय ठेवली आहे, की घराची नीट वाटणी होत नसेल आणि निम्मा किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेले मालक मागत असतील, तर न्यायालय सगळं घर विकून पैसे वाटू शकतं. घर वाटता येत नाही, पैसे वाटता येतात, अशी समजूत त्यामागे आहे. आपण वाडा पाडतो तेव्हा याच समजुतीवर चालतो.

ती समजूत घराच्या बाबतीत कुठवर खरी आहे, हे पाहायला लांब जायला नको. गोव्यात चांदोरला ब्रागांझांचं प्रचंड घर आहे. ते दोन शाखांत विभागलं गेलं: पश्चिमेची बाजू मिनेझिस ब्रागांझांकडे, पूर्वेची परेरा ब्रागांझांकडे. जिना एक, दर्शनी भाग एक आणि आत दोन घरं. दोन्ही बाजू सारख्या लखलखीत नाहीत, कोणत्याच दोन भावकीत तशा नसतात. पण घर उभं आहे. उलट तमिळनाडूत कारैकुडीच्या भागात चेट्टियारांचे वाडे वाटणीविना पन्नास-पन्नास हिस्सेदारांत अडकले, आणि त्यांतले कितीतरी सुटे होऊन बाजारात गेले: खांब वेगळे, दरवाजे वेगळे, आरसे वेगळे. तिथे जुन्या वस्तूंची बाजारपेठच उभी राहिली आहे.

आपल्याकडे तेवढी बाजारपेठ नाही, पण गिऱ्हाईक आहे. बडकस चौकाच्या मागच्या एका गल्लीत वाडा उतरवताना मी पाहिला आहे. वाडा उतरवतात, पाडत नाहीत, निदान पहिले काही दिवस. भिंतींना कोणी हात लावत नाही. ठेकेदाराचा माणूस खडूचा तुकडा घेऊन प्रत्येक खांबावर आकडा टाकत जातो, मग तुळयांवर, मग दारांच्या चौकटींवर. आकडा वाड्याच्या रचनेचा नसतो, मालाचा असतो. कोरीव खांब एकीकडे, साधे एकीकडे. खांबाखालचं दगडी तळखडं दुसराच कोणी नेतो. बंगईच्या पितळी कड्या आधीच गेलेल्या असतात, घरातल्याच कोणीतरी काढलेल्या. लाकूड ट्रकवर चढलं, की उरलेल्या मातीच्या भिंतींना मशीन लावतात आणि ते काम मग एका दिवसाचं. गंमत म्हणजे नागपूर ही सागाचीच पेठ. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी साग नागपूरहून गेला, अयोध्येच्या मंदिराच्या दारांना चंद्रपूर-बल्लारशाहचा. देशाला साग पुरवणाऱ्या या गावात दोनशे वर्षं वाळलेला साग खडूने आकडा टाकून निघून जातो आणि त्या जागी येणाऱ्या इमारतीत दारं फ्लशची लागतात.

आता पैशाचं बोलू, कारण शेवटी गाडी तिथेच अडते. समजा, पाच हजार चौरस फुटांच्या जागेवर चौकाचा दुमजली वाडा आहे. चौक आणि परस सोडून दोन्ही मजल्यांचं बांधकाम साडेसात हजार फूट भरतं असं धरू. बिल्डर म्हणतो, मी बारा हजार करून दाखवतो. ठीक. त्यातलं निम्मं त्याचं. उरले सहा हजार. त्यातून जिना, लिफ्ट, पॅसेज यांचा वाटा वजा करा, कारण तो तुमच्या नावावर मांडलेला असतो पण तिथे पलंग टाकता येत नाही. वाड्याच्याही जाड भिंती वजा करा. दोन्हीकडचा उरलेला आकडा बहुधा फार लांब नसतो. महालातल्या गल्ल्या तर इतक्या अरुंद, की रस्त्याच्या रुंदीवर बेतलेल्या २०२० च्या बांधकाम नियमावलीत तिथे वर चढायला मुभाही कमी मिळते, आणि तळमजला पार्किंगला जातो. हे आकडे समजुतीसाठी आहेत, प्रत्येक जागेचा हिशेब वेगळा निघेल. रुंद रस्त्यावरच्या धरमपेठ-रामदासपेठच्या बंगल्याचा तर फारच वेगळा निघेल, आणि तिथे मी बिल्डरशी वाद घालणार नाही. पण गल्लीतल्या वाड्याचा हिशेब सही करण्याआधी एकदा कागदावर मांडायलाच हवा. तो मांडला जात नाही.

अडचण एवढीच, की बिल्डरची इमारत त्याच्या पैशाने उभी राहते आणि वाड्याची दुरुस्ती आपल्या पैशाने. म्हणून वाटणी आधी हवी. नोंदणी झालेलं वाटणीपत्र झालं, प्रत्येकाच्या नावावर वेगळा फ्लॅट लागला, की तोच एक अष्टमांश बँकेला दिसू लागतो. त्यावर कर्ज निघतं. ज्याला राहायचं नाही तो आपला फ्लॅट विकून मोकळा होतो, बाकीच्यांना वेठीला न धरता. इतके दिवस खाली राहणाऱ्या किरायेदारालाही त्याच्या दोन खोल्या विकत द्याव्यात आणि तो पैसा थेट छपरात घालावा. किरायेदार कायद्याने सुरक्षित आहे, त्याला काढायला उभा जन्म जाईल. त्यापेक्षा त्याला मालक केला तर तो कवेलूंचा खर्च मागायच्या आधी देईल. हे वाचून जुने घरमालक चिडतील. चिडू द्या.

आता प्रत्यक्ष वाड्यात फ्लॅट बसतात का? बसतात, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण वाड्याची रचना त्यासाठी जणू तयारच आहे. वाडा खणांनी बनतो, दोन खांबांमधल्या साधारण पाच-सहा फुटांच्या अंतरांनी. चौकाच्या चार बाजू, प्रत्येक बाजू ठरावीक खणांची. बाजूची वाटणी खणाच्या रेघेवरच करायची. मधली आडभिंत हलकी, लाकडी किंवा पोकळ विटांची, खांबाला न छेदता. मालकी खणात मोजली, की सुतार, वकील आणि मोठी काकू तिघांनाही ती एकदम समजते.

खरी डोकेदुखी न्हाणी-संडासाची. चौकातलं चांदणं, चौकातला पाऊस यांवर लिहिणाऱ्यांना इतवारीतल्या एका आजींनी माझ्यासमोर दिलेलं उत्तर असं होतं: "बाप्पा, चांदनं दिसते हे सारेच सांगतेत, रात्री बाथरूमले जायाले चौक ओलांडा लागते, ते कोन सांगन?" वाड्यातून नव्या घरी गेलेल्या बायकांच्या मनात काय होतं, ते या एका वाक्यात आहे आणि त्याला चैन म्हणणाऱ्याने आधी जानेवारीतल्या रात्री तो चौक ओलांडून पाहावा. यावर उपाय आहे. माडीच्या लाकडी तक्तपोशीवर वाळू-सिमेंट ओतून टाइल्सचं बाथरूम करायचं नाही. त्या वजनाने आणि झिरपणाऱ्या पाण्याने तुळई जाते, आणि नागपुरातले कितीतरी वाडे याच हौसेने खचले. मागच्या परसात स्वतंत्र पायावर दोन किंवा तीन मजल्यांचा अरुंद उभा गाळा बांधायचा, लोखंडी सांगाड्याचा. त्यात प्रत्येक फ्लॅटचं बाथरूम एकावर एक, सगळे नळ त्यातच, आणि त्याच्याच कडेने दुसरा जिना. तोच जिना आगीच्या वेळी सुटकेचा मार्गही होतो. जाड सागाची तुळई आगीत वरून कोळसते आणि बराच वेळ तग धरते. वाड्यांना खरी आग लागते ती साठ वर्षांपूर्वीच्या वायरिंगने आणि त्यावर चढवलेल्या नव्या एसीने. वायरिंग पूर्ण नवं, मीटर वेगळे, हा खर्च टाळायचा नाही.

भिंतींना सिमेंटचा गिलावा देऊ नये. मातीच्या आणि पातळ विटांच्या भिंतीत ओल येते-जाते, सिमेंट ती आत कोंडतं, आणि दोन पावसाळ्यांनी सगळा गिलावा पापुद्र्याने सुटतो. चुन्याचा गिलावा करणारे हात कमी झालेत, पण संपलेले नाहीत. आवाजाची तक्रार राहते; वरच्या मजल्यावर पोरं धावली की खाली कळतं. तक्तपोशी आणि फरशीच्या मधल्या थरात भर घालून ते कमी करता येतं, बंद करता येत नाही. एवढं सोसावं लागेल, नव्या फ्लॅटातही वरच्या मजल्यावरचा पलंग सरकतो तेव्हा सोसतोच आपण.

या सगळ्याच्या बदल्यात मिळतं काय, हे नागपूरकराला मे महिन्यात समजावं लागत नाही. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. दोन-अडीच फुटी भिंतीमागची तळमजल्याची खोली आणि सहा इंची भिंतीचा पश्चिमेकडचा तिसऱ्या मजल्याचा फ्लॅट यांत दुपारी चार वाजता बसून पाहा. एकीकडे कूलर पुरतो, दुसरीकडे दोन एसी आणि त्यांचं बिल.

मग हे होत का नाही? एक कारण कायद्याचं, ते सुरुवातीलाच सांगितलं. कायद्याने काय साधतं ते स्कॉटलंडमध्ये बघा: एडिनबराच्या 'न्यू टाउन' भागात अठराव्या शतकातली घरं पुढे मजल्यामजल्याने फ्लॅट होऊन विकली गेली आणि आजही उभी आहेत. तिथेही छपरावरून भांडणं झालीच. २००४ मध्ये स्कॉटलंडने कायदा केला: छप्पर, पाया आणि भार पेलणाऱ्या भिंती यांची देखभाल सगळ्यांची, निर्णय बहुमताने, खर्च वाटून. वरच्या मजल्याच्या मालकीचं छप्पर असलं तरी ते गळलं की तळमजल्याचा माणूसही पैसे देतो. आपल्या १९७० च्या कायद्यात सामाईक भागाची कल्पना आहे, त्यातला अविभक्त हिस्सा आहे, वर्गणी आहे. इमारत नवीच हवी अशी अटही नाही, पाच अपार्टमेंट झाले की पुरे. अडचण आहे ती दाराशी: आत शिरायला सगळ्यांची सही. विधिमंडळाने पन्नास वर्षांहून जुन्या राहत्या वाड्यांपुरती ही अट तीन चतुर्थांश हिस्सेदारांवर आणावी, आणि उरलेल्यांना त्यांचा खणवार हिस्सा किंवा बाजारभावाने पैसे, यांतलं एक निवडू द्यावं. त्यात अन्याय होईल का? एखाद्यावर होईल. आज सगळ्यांवर होतो आहे.

दुसरं कारण महापालिकेचं. नागपूरच्या वारसा यादीत दीडशेच्या आसपास वास्तू आहेत. यादीत आलेल्या वाड्याच्या मालकाला पाडायला बंदी आणि दुरुस्तीला परवानगीचे हेलपाटे मिळतात, थेट पैसा मिळत नाही. त्यामुळे आपलं नाव यादीत येऊ नये म्हणून धडपडणारे मालक मला ठाऊक आहेत. अहमदाबादेत पोळांमधल्या जुन्या लाकडी घरांच्या मालकांना न वापरलेलं बांधकाम क्षेत्र विकून दुरुस्तीचा पैसा उभा करता येतो. तशी तरतूद आपल्या नियमावलीतही आहे. पण तिचा लाभ मिळायला वाड्याचा एक मालक लागतो किंवा नीट नोंदलेला समूह लागतो. पुन्हा आपण त्याच वाटणीपाशी येतो. आणि महापालिकेने पार्किंगचा हट्टही सोडावा. मेट्रोची अॅक्वा लाइन अग्रसेन चौकातून, चितार ओळीतून जाते. महाल-इतवारीतल्या माणसाला तिथवर चालत जाता येतं. ज्या गल्लीत गाडी वळतच नाही, तिथे घरटी एक गाडीची जागा मागण्यात शहाणपण काय?

तिसरं कारण आपलं स्वतःचं आहे. वाडा एकत्र असताना वाटणीचा विषय काढणं अभद्र समजलं जातं. तीर्थरूप बसलेले असताना खण मोजायचे? म्हणून कोणी काढत नाही, आणि ते गेल्यावर पहिल्या श्राद्धाच्या आतच नोटिसा निघतात. वडिलांच्या डोळ्यांदेखत केलेली वाटणी ज्यांना निर्दयी वाटते, त्यांनी एकदा दिवाणी कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेले सत्तरीचे सख्खे भाऊ बघावेत.

एक आक्षेप मला मान्य आहे. अशा फ्लॅटमध्ये पुढे राहायला कोण येईल? हौशी, पैसेवाले, किंवा कॅफे काढणारे. काही वाड्यांचं तसं होईलही, आणि कॅफे झाला तरी वाडा पडण्यापेक्षा बरा. पण माझा अंदाज वेगळा आहे. महालात शाळा आहेत, देवळं आहेत, दवाखाने आहेत, दहा पावलांवर वाण्याचं दुकान आहे. तिथे दोन खोल्या आणि स्वतःचं बाथरूम योग्य किमतीत मिळालं, तर शिक्षक घेईल, नर्स घेईल, निवृत्त माणूस घेईल. आधीही हेच लोक राहत होते, किरायाने.

तेव्हा ज्यांचा वाडा अजून उभा आहे त्यांना एवढंच सांगायचं आहे. या दिवाळीला सगळे जमतील. त्याआधी सिटी सर्वेच्या ऑफिसातून आखीव पत्रिकेची नवी नक्कल काढून ठेवा, तीवरची नावं आणि हयात माणसं जुळवून घ्या, बहिणी आणि आत्या धरून. व्हीएनआयटीच्या वास्तुकला विभागात जाऊन वाड्याचं मोजमाप करून द्यायला विद्यार्थी मिळतात का ते विचारा. खणवार नकाशा हातात असला की अर्धं भांडण नकाशावर होतं, माणसांवर नाही. मग फराळ झाल्यावर, बिल्डरचा फोन यायच्या आत, वाटणीचा विषय काढा. आणि काहीच ठरलं नाही तर निदान छपरासाठी एक सामाईक खातं उघडा आणि येत्या मृगाच्या आधी कवेलू फेरून घ्या.